मांडीच्या मापाचं टेबल

ग्यानीराम पटले घरात शिरताना खाकरतो. खोकला झाला म्हणून नव्हे, सून घरात आहे म्हणून. अंगणातून ओसरीवर पाय ठेवला की एकदा आणि आतल्या दाराशी आला की पुन्हा एकदा. पहिल्या खाकरण्याला योगेश्वरी डोक्यावरचा पदर सारखा करते, दुसऱ्याला हातातलं काम ठेवून उठून उभी राहते. गोंदियाजवळ बिरसीच्या अलीकडच्या त्या गावात, पवार समाजाच्या घरांत, सासऱ्या-सुनेचं असंच चालत आलेलं. त्यात राग नाही, धाक नाही, नुसती रीत. पण या रीतीपायी एक गोष्ट झाली होती. योगेश्वरी या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तरी ग्यानीरामने आपल्या सुनेला बसलेली अशी कधी पाहिलीच नव्हती. त्याचं काही अडतही नव्हतं, टेबलाचा विषय निघेपर्यंत.

तसा ग्यानीराम शेतकरी. धानाच्या बांध्या, दोन म्हशी, परसात वांगी-मिरच्या. सुतारकी काही त्याच्या घराण्यातली नव्हे. तरुणपणी दुसऱ्यांची कामं बघत बघत त्याने पटाशी हातात धरली, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली, पटल्यांच्या पोराला शेती कमी पडली का म्हणून. पुढे त्याच भाऊबंदांचे नांगर, वखर आणि बैलबंडीची जुवं याच्याच अंगणात तयार झाली, आणि मुरडलेली नाकं आपोआप सरळ झाली.

त्याची कामाची तऱ्हा मात्र न्यारी होती. नांगर हवा असला तर नुसता निरोप पाठवून चालत नसे. ज्याला हाकायचा त्याने स्वतः यायचं. ग्यानीराम त्याला अंगणात उभा करी, चालायला लावी, हात कुठे सुटतो, पाठ कुठे वाकते ते बघे, आणि मग रुमण्याचं, म्हणजे नांगराच्या मुठीचं, लाकूड कापी. गावात श्यामलाल नावाचा एक ताडमाड गडी होता. त्याच्या नांगराचं रुमणं इतकं उंच केलं होतं, की दुसरा कोणी तो धरायला गेला तर लोंबकळताना दिसे. श्यामलाल मात्र दिवसभर नांगरून संध्याकाळी ताठ चालत घरी यायचा. माणूस बघितल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हा ग्यानीरामचा नेम. आता घरोघरी ट्रॅक्टर आले, नांगर सांगायला कोणी येत नाही, पण नेम तेवढा उरला होता.

आणि असा हा माणूस आयुष्यात एकदाच न बघता माप घेऊन बसला, तेही घरच्याच माणसाचं.

झालं असं. ग्यानीरामचा मुलगा खुमेंद्र रायपूरला कारखान्यात. चार जणांत मिळून एक खोली, म्हणून बायकोला तिकडे नेता येत नव्हतं. सुटीला गोंदियापर्यंत गाडीने यायचा आणि तिथून गावी. योगेश्वरी शिकलेली, हिंदी-मराठी तोंडात घोळलेली, आजोळ डोंगरगडकडचं असल्याने छत्तीसगढीही अस्सल. नागपूरच्या एका पंप विकणाऱ्या कंपनीने तिला घरी बसून फोन घ्यायच्या कामावर ठेवलं. कोणाची मोटर सुरू होत नाही, कोणाची पाणी ओढत नाही, कोणाची नुसती घुरघुरते. असे सगळे वैतागलेले शेतकरी तिच्या कानात ओरडत, आणि ही त्यांना शांतपणे एकेक तार तपासायला लावी. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर गावावर घिरट्या घालतात. ती डोक्यावर आली की पलीकडून हमखास विचारणा होई, मॅडम विमानतळावर बसल्या का.

ओसरीवर दोऱ्या वळत बसलेला ग्यानीराम खिडकीतून हे सगळं ऐकायचा. आपल्यासमोर चार शब्दांपलीकडे न बोलणारी सून छत्तीसगढातल्या बालोदच्या कोण्या अडेल म्हाताऱ्याला त्याच्याच बोलीत दरडावते, आणि तो म्हाताराही शेवटी हसून आशीर्वाद देतो, हे ऐकून त्याला मनातून फार बरं वाटे. लग्नात योगेश्वरीच्या वडिलांनी याचे हात हातात घेऊन म्हटलं होतं, पोरीचं शिकलेलं चुलीत जाऊ देऊ नका. याने शब्द दिला होता. शब्द देताना तो कसा पाळायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. आता तो आपोआप पाळला जात होता आणि ग्यानीराम त्याच सुखात होता.

पण हे सगळं काम चालायचं बाजेवर. मांडीवर लॅपटॉप, पाठीला भिंत, मान खाली. कंपनीने पाठवलेला मोठा पडदा ठेवायला जागा नाही म्हणून खोक्यातच पडून होता. सहा-आठ महिन्यांत योगेश्वरीची मान आखडली, खांदे धरले, सकाळी भाकरी थापतानाही हात उचलेना. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, नीट टेबल-खुर्चीवर बसा, नाहीतर हे काम सोडा.

योगेश्वरीने मनाशी सोडायचंच ठरवलं. होळीपर्यंत करते अन् मग कळवते, असं ती तांदूळ निवडताना सासूजवळ बोलली. सुखवंताने ते रात्रीच्या जेवणावर नवऱ्याच्या कानावर घातलं. ग्यानीरामने हातातला घास तसाच ताटात ठेवला आणि म्हणाला, "टेबल मी करतो."

खुमेंद्रने फोनवर सांगून पाहिलं की गोंदियात तयार टेबलं मिळतात, येताना ऑटोत घालून आणतो. ग्यानीरामने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बसने गोंदियाला गेला, तयार टेबलं कशी असतात ते बघायला. फर्निचरच्या दुकानात वाकून वाकून पाय तपासले. बँकेत गेला तर तिथल्या साहेबाच्या टेबलाखाली डोकं घातलं. बंदूकवाल्या शिपायाने त्याला दंडाला धरून उठवलं आणि काय हरवलं म्हणून विचारलं. हरवलं काही नाही, बघून राहिलो, असं हा म्हणाला, तेव्हा त्याला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. घरी येऊन त्याने बायकोला निकाल सांगितला. सारी टेबलं एकाच उंचीची, बसणारा बुटका असो की श्यामलाल असो. म्हणजे ती कोणासाठीच केलेली नाहीत.

लाकूड घरातच होतं. वन विभागाच्या लिलावातून फार वर्षांपूर्वी आणलेल्या सागाच्या फळ्या माळ्यावर निजल्या होत्या, कधीतरी घराला नवं पुढचं दार करायचं म्हणून. ते दार सुखवंताचं स्वप्न होतं. दोन झडपांचं, वर कमळ कोरलेलं. दर दिवाळीला ती दाराची आठवण द्यायची आणि दर दिवाळीला हा पुढच्या दिवाळीचा वायदा करायचा. आता फळ्या खाली उतरताना पाहून ती काय म्हणते याची त्याला धास्तीच होती. पण सुखवंता खाली उभी राहून फळ्यांवरची धूळ पदराने पुसत होती. जुनं दार अजून लागते ना, मग झालं, एवढंच ती म्हणाली.

आता प्रश्न मापाचा. सुनेला समोर बसवून तिच्या कोपराशी टेप धरायचा, हे ग्यानीरामच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्याने सुखवंताला सांगितलं, तू तिचं माप घेऊन ये. सुखवंताने लुगड्याचा काठ सारखा केला.

"तिचं कायले पायजे? ते माह्याएवढीच तं आहे. माझंच घे ना."

बोलणं तसं खरंही होतं. दोघी नळावरून येत असल्या की पाठमोऱ्या ओळखू येत नसत. पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती ग्यानीरामला तिच्या आवाजात ऐकू आली. अख्ख्या गावाचं माप घेतलेल्या या माणसाने आपल्या बायकोचं माप कधी घेतलं नव्हतं. तिच्यासाठी विळीचा पाट केला होता, मुसळ केलं होतं, पण ते सगळं अंदाजाने, कामाच्या घाईत. हे मनात येताच तो ओशाळला. त्याने पाहुण्यांसाठी ठेवलेली लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, बस.

सुखवंता बसली. खुर्चीवर चढून, दोन्ही पाय वर घेऊन, छान ऐसपैस मांडी घालून.

इथे तुम्ही हसाल. पण त्या दोघांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बसणं म्हणजे मांडी घालणं. जेवायला, पूजेला, गप्पांना, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर टेकायला, आयुष्यभर दोघं असेच बसत आले. ग्यानीरामही खुर्चीवर असाच बसतो. त्याने तिच्या कोपराला टेप लावला, मग मांडीकडे पाहिलं, गुडघे फळीला अडायला नकोत म्हणून माप चार बोटं वर घेतलं, आणि पेन्सिल कानामागे खोवली. सुखवंता मान ताठ करून फोटोला बसल्यासारखी बसून होती. झालं म्हटल्यावरही थोडा वेळ ती उतरली नाही.

मग कामाला जी सुरुवात झाली, ती घरादाराला विसरून. धान घरात आलं होतं, हवेत गारवा होता, शेतात फारसं काही नव्हतं. अंगणात रंधा चालू लागला आणि सागाच्या वासाने म्हशीसुद्धा माना वळवू लागल्या. लोखंडाचा खिळा कुठे मारायचा नाही, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, हे त्याने पहिल्यापासून ठरवलेलं. फळी पुढच्या बाजूला थोडी पोटाशी कोरून घेतली, म्हणजे बसणारीला जवळ सरकता यावं. कडा गोल केल्या, मनगटाला टोचू नयेत म्हणून. तारा जायला मागे एक भोक. कानाला लावायचं यंत्र अडकवायला बाजूला एक खुंटी, बंडीच्या जुवाला असते तशी. योगेश्वरी चहा आणून पायरीवर ठेवी आणि उभ्या उभ्या पदराआडून टेबलाकडे बघून जाई. काय वाटतं ते तिला कोणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

टेबल आत गेलं त्या दिवशी सुखवंताने त्याला हळदकुंकू लावलं. विमानांच्या आवाजाकडची खिडकी टाळून ते दुसऱ्या भिंतीशी लावलं. पाहुण्यांची लाल खुर्ची त्यासमोर आली, खोक्यातला पडदा बाहेर आला, खुंटीला यंत्र लागलं. योगेश्वरी वाकून दोघांच्या पाया पडली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ग्यानीराम बाहेर येऊन उगाचच म्हशीला थोपटत राहिला. त्याला वाटलं, गेल्या कित्येक वर्षांत आपण इतकं चांगलं काही केलं नसेल.

दिवस गेले. ओसरीवरून त्याला सुनेचं बोलणं ऐकू येई, पण तिच्या आवाजातला तो जुना मोकळेपणा काही येईना. मध्येच ती थांबायची, एखादा सुस्कारा ऐकू यायचा. थंडी असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग एके सकाळी सुखवंताच सांगत आली की पोरीचा खांदा काही सुधरला नाही, होळी झाली की सोडते म्हणते. टेबल आहे, खुर्ची आहे, मग आता दोष कोणाला द्यायचा ते ग्यानीरामला कळेना.

ते उलगडलं वाकळींमुळे. ऊन चांगलं पडलं म्हणून सुखवंताने घरातल्या साऱ्या वाकळी दोरीवर टाकायला काढल्या, तर दोन कमी. योगेश्वरी नळावर गेली होती. शोधत शोधत सुखवंता तिच्या खोलीत शिरली आणि तिथूनच तिने नवऱ्याला हाक मारली. खोलीत सून नाही हे माहीत असल्याने ग्यानीराम न खाकरता आत आला.

लाल खुर्चीवर दोन्ही वाकळी घडी घालून एकावर एक ठेवल्या होत्या. टेबलाखाली एक वीट होती, जुन्या कापडात नीट गुंडाळलेली. ग्यानीराम त्या विटेशी उकिडवा बसला. टेबल उंच, म्हणून बसणारी वाकळींवर चढली. वाकळींवर चढली म्हणून पाय लोंबकळले, म्हणून खाली वीट आली. तरीही ती उंची पुरली नाही, म्हणून खांदे उचललेले राहिले. दिवसच्या दिवस. सगळं लाकडावर लिहिल्यासारखं त्याला दिसलं.

"तू कशी बसली होतीस तवा?" त्याने बायकोला विचारलं.

कशी म्हणजे, बसतात तशी, असं म्हणत सुखवंता वाकळी बाजूला करून खुर्चीवर चढली आणि मांडी घालून बसली. टेबल तिला अगदी चपखल आलं. मांडीसाठी वर घेतलेली ती चार बोटं आता दोघांना दिसली. सुखवंताचा हात तोंडावर गेला. ग्यानीरामला आधी हसू फुटलं, मग त्याने ती वीट उचलून हातात घेतली. टेबल चुकलं याचं त्याला एवढं वाटलं नाही. पोरगी रोज विटेला कापड गुंडाळत राहिली पण बोलली नाही, याने तो हलून गेला.

योगेश्वरी घागर घेऊन आली तेव्हा सासरा तिच्या खोलीत जमिनीवर बसलेला, शेजारी करवत आणि पेन्सिल. ती दारातच थबकली, घागर खाली ठेवली, पदर ओढला. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. ग्यानीरामने तिच्याकडे न बघता खुर्चीकडे बोट केलं.

"बेटी, बस त्या खुर्चीवर."

ती जागची हलली नाही. तिने सासूकडे पाहिलं, सासूने मान डोलावली, तरीही ती हलली नाही.

"तुमच्यापुढं कशी बसू मामाजी? तुम्ही खाली अन् मी वर?"

"तू वर बसशीन तवाच तं मले दिसन," तो म्हणाला. मग अजूनही जमिनीकडेच बघत म्हणाला, "दिवसभर साऱ्या दुनियेच्या तक्रारी ऐकून राहिली तू. एक तक्रार तुझी सांग. मले सांग."

योगेश्वरी हळूच येऊन खुर्चीच्या काठावर टेकली. मग मागे सरकली. पाय जमिनीला लागले. हात टेबलावर ठेवले, तसे खांदे कानांकडे चढले. ग्यानीरामने मान वर केली आणि पहिल्यांदा आपल्या सुनेला बसलेली पाहिली. ती काही सुखवंताएवढी नव्हती. पाय लांब होते, पाठ आखूड. कोणी आंधळ्यानेही सांगितलं असतं.

"उंच आहे मामाजी," ती म्हणाली. "खांदे लय दुखून राहिले."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही इतक्या मायेनं केलं. आईनं आपल्या दाराच्या फळ्या देल्या. कोणत्या तोंडानं बोलू?" असं म्हणता म्हणता तिला रडू आवरेना.

सुखवंताने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ग्यानीराम तिचं रडणं ओसरेपर्यंत थांबला. मग त्याने सांगितलं, की त्याचा नांगर बिघडला तर लोक अंगणात येऊन शिव्या देत, नांगर फेकून जात, त्याच्या बापाचाही उद्धार करत. आणि तो जे काही शिकला ते त्या शिव्यांतूनच शिकला. घरच्यांनी गप्प राहून त्याचं नुकसान करू नये, अशी त्याची विनंती होती. विनंती हाच शब्द त्याने वापरला. सासऱ्याच्या तोंडून सुनेने असा शब्द ऐकल्याचं गावात दुसरं उदाहरण नसेल.

मग त्याने तिला हात सैल सोडायला लावले, कोपर कुठे येतं ते पाहिलं, आणि टेबलाच्या पायाशी बोटं टेकवून विचारत गेला. इथे? अजून खाली? योगेश्वरी आधी नुसती मान हलवत होती. हळूहळू तिच्या तोंडून शब्द येऊ लागले. थोडं अजून, नाही, एवढं नको, आता बरोबर. फोनवर शेतकऱ्यांशी बोलायची तशीच. ग्यानीरामने पेन्सिलची खूण केली, टेबल आडवं पाडलं आणि चारही पाय कापले. इतक्या मेहनतीने घासलेलं लाकूड कापताना त्याचा हात एकदाही थबकला नाही.

पायांचे कापलेले चार तुकडे सुखवंता चुलीत घालणार होती. त्याने ते तिच्या हातून काढून घेतले. उरलेल्या एका फळीला ते खाली ठोकून तिला बसायला एक रुंद पाट करून दिला, मांडी घालून बसल्यावर गुडघे बाहेर येणार नाहीत असा. या वेळी माप तिला समोर बसवून घेतलं. दाराचं राहिलेलं कमळही त्यावर कोरलं.

होळी आली आणि गेली. नोकरी सोडण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. हळूहळू योगेश्वरी पुन्हा बिनत्रास भाकरी थापू लागली. वाकळी आपल्या जागी गेल्या, वीट परसातल्या वाफ्याला लागली.

परवा दुपारी ग्यानीरामला पेन्सिल हवी होती, ती टेबलावर राहिलेली. ओसरीवर त्याने एकदा खाकरलं, आतल्या दाराशी दुसऱ्यांदा. योगेश्वरी फोनवर होती. पलीकडे कोणीतरी मोटर जळाली म्हणून थयथयाट करत असावं. सवयीने ती अर्धी उठली, आणि मग तिने सासऱ्याकडे पाहिलं. एका हाताने पदर सारखा केला, दुसऱ्या हाताचा पंजा त्याला दाखवला, थांबा म्हणून, आणि परत खाली बसली. खांदे सैल, पाठ सरळ, पाय जमिनीवर. त्या माणसाला ती सांगत राहिली की आधी मेन स्विच बंद करा, मग बोला.

ग्यानीराम दारातच उभा राहिला. सुखवंता मागून आली आणि इथे काऊन उभे राहिले म्हणून विचारू लागली. त्याने तोंडावर बोट ठेवून तिला गप्प केलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"तिले बोलू दे," तो हळूच म्हणाला, "बसली आहे ते."